रूळ कोणत्या पातळीवर?
(शहरी लोहमार्ग आणि उन्नत मार्गाचा प्रश्न : व्याख्यानाचा मजकूर)



पुण्याचा लकडी पूल हा गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीच्या वाटेवरचा पूल आहे. २०२१ साली या पुलापाशी मेट्रो मार्गाच्या तुळया चढवण्याची वेळ आली, तेव्हा गणेश मंडळांनी एक साधा प्रश्न विचारला : या तुळयांखालून मिरवणुकीचे रथ जाणार कसे? उंच सजावटीचे रथ या पुलावरून वर्षानुवर्षे जात आलेले होते. प्रश्न काही फुटांचा होता. परंतु त्यापायी काम काही काळ थांबले, महापालिकेत चर्चा झाली, मंडळांशी बोलणी झाली. मार्गाची उंची वाढवायची तर एखादी तुळई वर उचलून भागणारे नव्हते. रुळांचा चढ-उतार बेताचाच ठेवावा लागत असल्यामुळे अलीकडचे व पलीकडचे खांब आणि जवळची स्थानके यांचीही आखणी बदलावी लागली असती. अखेर २०२२ च्या आरंभी ठरलेल्या उंचीवरच तुळया बसल्या.

वरवर पाहता ही एका शहरातील एका पुलाची हकिकत आहे. परंतु शहरात नवा लोहमार्ग बांधण्याच्या साऱ्या वादाचे सार तीत सामावले आहे. मार्ग हवेत बांधला, तरी त्याच्याखाली रस्ता असतोच. आणि त्या रस्त्यावर दुकाने, झाडे, पादचारी, मिरवणुका असे गावाचे सारे जीवन चाललेले असते. रूळ कोणत्या पातळीवर टाकावेत, हा प्रश्न म्हणूनच अभियंत्यांच्या नकाशापुरता मर्यादित राहत नाही.

तीन पातळ्या

शहरी लोहमार्गाला तीन पातळ्या उपलब्ध असतात : जमिनीवर, जमिनीखाली आणि जमिनीच्या वर. यांपैकी पहिली पातळी सर्वांत स्वस्त व सर्वांत जुनी. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये विजेची ट्राम आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. ट्रामचे रूळ रस्त्यातच असत. प्रवाशाला जिना चढावा लागत नसे, की उतरावा लागत नसे. परंतु मोटारींची संख्या वाढली तशी ट्राम त्यांच्या गर्दीत अडकू लागली, आणि अनेक शहरांनी ट्रामलाच अडथळा ठरवून निरोप दिला.

पुढे १९७० च्या दशकात जगभर याच ट्रामचा सुधारलेला अवतार ‘लाइट रेल’ या नावाने पुढे आला. यातील ‘लाइट’ हा शब्द डब्यांच्या वजनापेक्षा प्रवासी वाहून नेण्याच्या क्षमतेशी निगडित आहे. मोठ्या उपनगरी रेल्वेपेक्षा कमी आणि बसपेक्षा अधिक प्रवासी नेणारी ही व्यवस्था होय. तिला स्वतंत्र वाट मिळाली तर ती वेगाने धावते; चौकाचौकात थांबावे लागले तर ती पुन्हा ट्रामच होऊन बसते. स्वतंत्र वाट द्यायची म्हणजे रस्त्याची रुंदी तोडून द्यायची. ती नसेल तर भुयार खणायचे, किंवा खांबांवर पूल उभारायचा. उन्नत मार्गाचा वाद सुरू होतो तो येथूनच.

मनिलाचा निर्णय

या वादाचे एक उद्‌बोधक उदाहरण फिलिपीन्सची राजधानी मनिला येथे सापडते. जागतिक बँकेच्या साह्याने १९७६-७७ मध्ये तेथील वाहतुकीचा अभ्यास झाला. फ्रीमन फॉक्स या सल्लागार संस्थेने रस्त्याच्याच पातळीवर लाइट रेल बांधण्याची शिफारस केली. शासनाने मात्र ती बदलली. ज्या रस्त्यांवरून मार्ग जाणार होता, त्यांवर चौकांची संख्या फार होती. प्रत्येक चौकात गाडी थांबवायची की मोटारी थांबवायच्या, हा पेच नको म्हणून संपूर्ण मार्ग खांबांवर नेण्याचे ठरले. १ डिसेंबर १९८४ रोजी पहिला टप्पा सुरू झाला आणि मे १९८५ मध्ये सुमारे १५ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. आग्नेय आशियातील अशा प्रकारची ही पहिलीच रेल्वे.

वाहतुकीच्या दृष्टीने निर्णय फळाला आला. चौकातील कोंडीशी गाडीचा संबंध उरला नाही, आणि मनिलाच्या सामान्य नोकरदाराला भरवशाचे वाहन मिळाले. परंतु एकेकाळी चित्रपटगृहे आणि दुकाने यांनी गजबजलेला रिझाल अ‍ॅव्हेन्यू हा रस्ता त्या काँक्रीटच्या छताखाली आला. तो काळवंडला आणि हळूहळू त्याची कळा उतरली. या उतरणीला शहराच्या विस्तारासारखी इतर कारणेही होती. तरीही एक गोष्ट स्पष्ट झाली. गाडीतून जाणाऱ्याचा लाभ आणि गाडीखाली राहणाऱ्याचा तोटा हे एकाच जमाखर्चात मांडले गेले नव्हते.

न्यूयॉर्कने हा अनुभव याहून शंभर वर्षे आधी घेतला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे लोखंडी सांगाड्यांवरून वाफेच्या गाड्या धावू लागल्या. खालच्या रस्त्यावर काजळी, ठिणग्या आणि अंधार पडे. १९०४ मध्ये भुयारी रेल्वे सुरू झाल्यावर मॅनहॅटनमधील उन्नत मार्ग एकेक करून नकोसे झाले. सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूवरील मार्ग १९३८ मध्ये आणि थर्ड अ‍ॅव्हेन्यूवरील मार्ग १९५५ मध्ये बंद झाला. याउलट शिकागो शहराने १८९७ पासूनचा आपला उन्नत ‘लूप’ आजही जपला आहे, आणि तो त्या शहराची ओळख होऊन राहिला आहे. तेव्हा उन्नत मार्ग मुळातच वाईट, असा निष्कर्ष इतिहासातून निघत नाही. तो कोणत्या रस्त्यावर उभा आहे आणि कसा बांधला आहे, यावर सारे अवलंबून असते.

खर्चाचा हिशेब

आता महाराष्ट्राकडे वळू. गेल्या काही वर्षांत या राज्यात तिन्ही प्रकारचे निर्णय झाले, आणि त्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात.

नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा सुमारे ३८ किलोमीटरचा. त्यात भुयार नाही; बहुतेक मार्ग उन्नत, तर थोडा जमिनीवर आहे. २०१४ साली मंजुरीच्या वेळी त्याचा खर्च ८,६८० कोटी रुपये धरला होता. म्हणजे किलोमीटरला सुमारे २२७ कोटी. मुंबईची तिसरी मार्गिका, कफ परेड ते आरे, ३३.५ किलोमीटरची, तिच्या २७ स्थानकांपैकी २६ भूमिगत आहेत. तिचा मूळ अंदाज २३,१३६ कोटींचा, म्हणजे किलोमीटरला सुमारे ६९० कोटींचा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती संपूर्ण सुरू झाली, तोवर खर्च ३७,२७० कोटींच्या वर गेला होता. पुणे मेट्रोचा पहिला टप्पा या दोहोंच्या मधला. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली तेव्हा ३१.२५ किलोमीटरसाठी ११,४२० कोटी रुपये धरले होते. किलोमीटरला सुमारे ३६५ कोटी. त्यात पाच किलोमीटर भुयार होते, बाकी सारा मार्ग उन्नत.

जमिनीची किंमत, खडकाचा प्रकार आणि शहराची दाटी यांतील फरक लक्षात घेतला, तरी या आकड्यांचा अर्थ लपत नाही. ज्या पैशात भुयारी मार्गाचा एक किलोमीटर होतो, त्यात उन्नत मार्गाचे दोन ते तीन किलोमीटर होतात. सर्वत्र भुयारच हवे असा आग्रह धरला, तर शहराच्या कडेला राहणाऱ्या वस्त्यांपर्यंत मार्ग पोहोचायला आणखी कित्येक वर्षे लागतील. दूरच्या उपनगरातून दोन बस बदलून कामावर येणाऱ्या माणसाने त्या आग्रहाची किंमत द्यायची असते. दुसऱ्या बाजूने, सर्वत्र खांबच उभारले, तर दाट वस्तीतील रहिवाशाने आपल्या खिडकीतील उजेड देऊन ती किंमत भरायची असते. किंमत कोणीतरी देतेच. ती कोण देणार, हे आधी उघडपणे सांगितले पाहिजे.

पुण्याची वादाची वर्षे

पुण्यात हा वाद फार काळ चालला. दिल्ली मेट्रो रेल महामंडळाने २००९ साली प्रकल्पाचा अहवाल दिला आणि भूमिपूजन झाले २४ डिसेंबर २०१६ रोजी. मधल्या वर्षांत मार्ग उन्नत असावा की भूमिगत, यावर शहरात सभा झाल्या, निवेदने गेली, समित्या बसल्या. भूमिगत मार्गाचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. रस्ते अरुंद, झाडे जुनी आणि शहराचे रूप नाजूक आहे, याची त्यांना काळजी होती. उन्नत मार्गाच्या बाजूचे लोक म्हणत, की वाट पाहण्यात जाणारे प्रत्येक वर्ष खर्चात भर घालते, आणि तोवर दुचाकींची संख्या वाढतच राहते. दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या होत्या.

अखेर झालेली तडजोड समजून घेण्याजोगी आहे. पिंपरी-चिंचवडकडून येणारा मार्ग जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून येतो. तो रस्ता पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत ऐसपैस रुंद आहे, म्हणून तेथे खांब उभे राहिले. शिवाजीनगरला हाच मार्ग जमिनीखाली उतरतो आणि मुठेच्या पात्राखालून कसबा, बुधवार या जुन्या पेठांतून, मंडईवरून स्वारगेटला पोहोचतो. पेठांतील गल्ल्यांत खांब रोवायला जागाच नव्हती. जुने वाडे आणि देवळे यांच्या डोक्यावरून तुळया नेणे तर कल्पनेतही बसणारे नव्हते. म्हणजे एकाच मार्गाने रस्ता पाहून आपली पातळी बदलली.

वनाज ते रामवाडी हा दुसरा मार्ग मात्र संपूर्ण उन्नत राहिला. तो जंगली महाराज रस्त्यावरून नेण्यास विरोध झाला, तेव्हा सुमारे दीड किलोमीटरचा भाग मुठेच्या काठाने वळवण्यात आला. रस्त्यावरचा प्रश्न असा नदीत गेला. काही नागरिक राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून आलेला पूर ज्या शहराच्या स्मरणात आहे, तेथे नदीपात्रातील खांबांविषयी शंका निघणे स्वाभाविकच होते. न्यायाधिकरणाने तज्ज्ञांचे मत घेतले आणि त्यानंतर काम पुढे गेले. आज डेक्कन जिमखाना व संभाजी उद्यान ही स्थानके नदीकाठीच उभी आहेत. रस्त्याचा बचाव झाला, परंतु स्थानकापासून मुख्य रस्त्यापर्यंतची पायवाट प्रवाशाच्या वाट्याला आली. एका ठिकाणचा भार हलका केला की तो दुसरीकडे कोठेतरी पडतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

६ मार्च २०२२ रोजी दोन्ही मार्गांचे पहिले टप्पे सुरू झाले. १ ऑगस्ट २०२३ रोजी ते दिवाणी न्यायालयापाशी एकमेकांना मिळाले, ६ मार्च २०२४ रोजी रामवाडी आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी स्वारगेट गाठले गेले. वाद संपला असे नव्हे. पण त्याला आता प्रत्यक्ष अनुभवाची जोड मिळाली.

खांब आणि पूल

उन्नत मार्गाचे बांधकाम कसे होते, हे पाहिले म्हणजे त्याचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही कळतात. रस्त्याच्या दुभाजकात खोल पाया घेऊन एकेरी खांब उभा केला जातो. वरच्या तुळईचे काँक्रीटचे तुकडे शहराबाहेरच्या आवारात आधीच ओतून तयार ठेवतात. रात्रीच्या वेळी ते आणून मोठ्या यंत्राने उचलतात, आतून पोलादी तारा ओवून ताणतात, आणि दोन खांबांमधला गाळा अखंड होतो. न्यूयॉर्कच्या जुन्या लोखंडी सांगाड्याने रस्ता झाकून टाकला होता. एकेरी खांबावरच्या या मार्गाची सावली तुलनेने अरुंद असते. अडचण येते ती स्थानकापाशी. तेथे रुळांच्या दोन्ही बाजूंना फलाट, त्याखाली तिकिटांचा मजला, आणि पदपथावर उतरणारे जिने व उद्वाहक असतात. म्हणजे रस्त्यावर चांगला लांबरुंद इमला उभा राहतो. उन्नत मार्गाविषयीच्या तक्रारी पुष्कळदा मार्गापेक्षा स्थानकाविषयी असतात, आणि पदपथ जिन्याने अडवला तर त्या रास्तही असतात.

दुसरी अडचण आधीच्या पुलांची. पुण्यातील विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० साली पाडावा लागला. हिंजवडी ते शिवाजीनगर या तिसऱ्या मेट्रो मार्गासाठी तेथे नव्याने दुमजली रचना करायची होती. पाडण्याइतके त्या पुलाचे वय झालेले नव्हते. तो बांधताना पुढे येणाऱ्या लोहमार्गाचा विचार झाला असता, तर सार्वजनिक पैसा आणि नागरिकांची कोंडीत गेलेली वर्षे, दोन्ही वाचली असती. असा एकत्रित विचार अशक्य नाही, हे नागपूरने दाखवले. वर्धा मार्गावर ३.१४ किलोमीटर लांबीच्या रचनेत एकाच खांबावर मधल्या मजल्याला महामार्गाचा पूल आणि वरच्या मजल्याला मेट्रो आहे. २०२२ मध्ये तिची गिनीज विक्रमांत नोंद झाली. पुण्यातही कर्वे रस्त्यावर नळस्टॉपपाशी असा दुमजली पूल झाला. मात्र त्याच्या टोकांशी वाहनांची कोंडी होते, अशी तक्रार पुढे आली. एका खांबावर दोन मजले उभारल्याने जागा वाचते. पूल जेथे उतरतो तेथील रस्ता त्यामुळे रुंद होत नाही.

भुयाराच्याही अडचणी

भूमिगत मार्ग डोळ्यांआड असतो, म्हणून तो निर्दोष वाटतो. कोलकात्याने १९७२ साली देशातील पहिल्या मेट्रोची पायाभरणी केली आणि १९८४ मध्ये पहिला टप्पा सुरू केला. मधली वर्षे तेथील रहिवाशांनी उकरलेल्या रस्त्यांच्या कडेने काढली, कारण ते भुयार बव्हंशी वरून खणून व पुन्हा झाकून बांधले होते. आता बोगदा खणणारी यंत्रे रस्ता न उकरता खालून जातात. तरीही स्थानकासाठी वरून खणावेच लागते. पुण्याचे दिवाणी न्यायालय स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. तेवढे खाली उतरण्यात प्रवाशाचा वेळ जातो. खेळती हवा, वातानुकूलन, पाण्याचा उपसा यांचा खर्च मार्ग चालू असेपर्यंत चुकत नाही. मे २०२५ मध्ये मुंबईत अवेळी मुसळधार पाऊस झाला, तेव्हा आचार्य अत्रे चौक या नव्याने सुरू झालेल्या भूमिगत स्थानकात पाणी शिरले आणि तेथील सेवा तात्पुरती थांबवावी लागली.

शिवाय भुयार असो वा पूल, कोणाचे तरी घर वाटेत येतेच. पुण्यात दिवाणी न्यायालय परिसरातील कामासाठी कामगार पुतळा वसाहतीतील कुटुंबांना अन्यत्र जावे लागले. नवे घर पक्के असले, तरी घर बदलले की मुलांची शाळा आणि कामावर जाण्याचे अंतरही बदलते. ज्यांनी मार्गासाठी जागा दिली, त्यांना त्या मार्गाचे स्थानक सहज गाठता यावे, एवढी तरी दक्षता प्रत्येक योजनेने घेतली पाहिजे.

पातळी ठरवताना

या साऱ्या अनुभवातून काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. पहिली गोष्ट अशी, की उन्नत की भूमिगत हा प्रश्न संपूर्ण शहरासाठी एकदाच विचारायचा प्रश्न नाही. तो रस्त्यागणिक विचारला पाहिजे. रुंद रस्त्यावर उन्नत मार्ग शोभतो. पेठेच्या गल्लीत तो जाचतो. पिंपरीपासून स्वारगेटपर्यंतच्या मार्गाने हे एकाच प्रवासात दाखवून दिले आहे.

दुसरी गोष्ट, मार्गाखालची जमीन ही योजनेचाच भाग मानली पाहिजे. खांबांमधली जागा, पदपथाची रुंदी, पावसाच्या पाण्याचा निचरा, रात्रीचे दिवे आणि झाडे यांचा आराखडा रुळांच्या आराखड्याबरोबरच मंजूर व्हावा. मार्ग सुरू झाल्यावर उरलेल्या पैशातून खालची डागडुजी करण्याची पद्धत मनिलाच्या वाटेने नेते.

तिसरी गोष्ट वेळेची. आक्षेप ऐकण्याची योग्य वेळ आखणीच्या आरंभीची असते. तेव्हा नकाशावरची रेघ खोडरबराने बदलते. खांब उभे राहिल्यावर तीच रेघ बदलायला कोट्यवधी रुपये लागतात. म्हणून प्रत्येक चौकाचे चित्र, खांबांच्या जागा, उंची आणि खर्च हे मराठीतून, सामान्य माणसाला उमगेल अशा रीतीने, काम सुरू होण्यापूर्वी लोकांपुढे मांडले गेले पाहिजेत. नागरिकांचेही एक कर्तव्य आहे. आपल्या दारातला खांब नाकारताना तो कोणाच्या दारात जाणार, किंवा त्यापायी कोणाचे स्थानक रद्द होणार, याचाही विचार त्यांनी केला पाहिजे.

लकडी पुलावरून आता मेट्रो जाते आणि विसर्जनाच्या मिरवणुकीला रथांची उंची त्या मापात ठेवावी लागते. ज्या शहराने आपल्या उत्सवाला अशी मुरड घातली, त्याला निदान एवढे मागण्याचा अधिकार आहे, की पुढच्या मार्गाच्या नकाशावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी त्या रस्त्यावरून काय काय जाते, हे कोणीतरी येऊन त्याला विचारावे.